चौथा गट

२ मार्च

धाकटे,

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. लिहिलेलंच नाही.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. पुलापलीकडच्या तुझ्या नव्या शाळेचा पत्ता मला कारकुनाकडून मागून घ्यावा लागला. सख्ख्या बहिणीचा पत्ता! कागद पुढे करताना त्याने जे तोंड केलं ते तू बघायला हवं होतंस. आई रोज विचारते, धाकटीचा फोन का येत नाही. मी सांगितलं, बदली झाली, नवी शाळा, नवी माणसं, वेळ मिळत नसेल. तर म्हणाली, “शाळा बदलली की जीभपण जुन्या शाळेत जमा करावी लागते का?” मी हसले. ती हसली नाही.

मी भांडायला लिहीत नाहीये. मला एवढंच विचारायचंय, की तू असं का केलंस.

आठ वर्षं आपण एकच वर्ग चालवला. पहिलीची चौतीस मुलं. सकाळी माझ्याकडे सगळ्यांनी मिळून वाचायचं. स्टँडवर मोठं पुस्तक, माझ्या हातात पट्टी, पट्टी शब्दांखालून सरकतेय आणि चौतीस तोंडं एकदम बोलतायत. मग आठ-नऊ जणांचा एकेक गट बाजूच्या खोलीत तुझ्याकडे. तुझं ते अर्धगोल टेबल, प्रत्येकाच्या हातात छोटं पुस्तक, तुझ्या मांडीवर वही. कोण कुठे अडतं ते तू टिपायचीस. तूच म्हणायचीस ना, की ताई गाडी सुरू करून देते आणि मी एकेकाला चालवायला शिकवते? ‘टाकीवरचं मांजर’ हे मोठं पुस्तक तू लिहिलंस आणि चित्रं मी काढली. मांजराचे कान गाढवासारखे झाले म्हणून आपण दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

त्या दिवशी नऊ पाहुणे होते. कशासाठी आले होते ते तुला माहीत होतं. आपला वर्ग पसंत पडला असता तर बाकीच्या शाळांमधले शिक्षक शिकायला आपल्याकडे आले असते आणि ते काम माझ्याकडे आलं असतं. मुलांनी काय वाचलं गं! टिटवीचा आवाज सगळ्यांच्या वर. बेकरीच्या व्हॅनवाल्याची मुलगी ती, सहा वर्षांची, पण आवाज थेट जिन्यापर्यंत. मी पान उलटायच्या आत ती पुढच्या पानावर. एका पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते तुझ्या खोलीत आले. तुझ्यासमोर चौथा गट बसला होता. काय ठरलं होतं? मांजराच्याच पुस्तकाच्या छोट्या प्रती द्यायच्या. तू कपाटातून काय काढलंस? छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं पुस्तक. पोरांनी जन्मात न पाहिलेलं. पहिल्या पानावर कोपऱ्यात एक मांजर बसलं होतं. टिटवीने ते बघितलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “टाकीवर एक मांजर बसलं होतं...” शब्दांखालून बोट फिरवत, वेळेवर पानं उलटत, शेवटापर्यंत. समोर छत्री, आणि ही टाकी वाचतेय. दोन पाहुणे हसले. शेजारची मुलगी म्हणाली, “बाई, ही पुस्तकात नाहीये तेच वाचते.” टिटवीने पुस्तकाकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि तोंड मिटलं. ते तिने माझ्या वर्गात अजून उघडलेलं नाही.

मला खाली पाडण्यासाठी तू सहा वर्षांच्या पोरीचा उपयोग केलास. तुझं बोट धरून तुला पहिलं अक्षर मी दाखवलं होतं. मनात काही होतं तर घरी बोलायचं होतंस.

ताई


११ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. बरं.

मोठ्या सरांनी त्या दिवसाबद्दल दोघींकडून लेखी मागितलं होतं, तू तुझं दिलंस, मी माझं दिलं. जे पाहिलं ते लिहिलं. त्यावरून तुझी बदली झाली असं स्टाफरूममध्ये कुजबुजतात. कुजबुजू देत. बदली वरून झाली.

तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. चारही गट मीच घेते. तुझ्या त्या बुटक्या खुर्चीवर बसून माझे गुडघे टेबलाला आपटतात. तू आठ वर्षं कशी बसलीस? काल खडू शोधताना तुझं कपाट आवरलं. वह्या तिथेच ठेवून गेलीस. मी त्या वाचणार नव्हते.

नोंदी चांगल्या आहेत, हे मी आधीही म्हटलं होतं. पण एक गोष्ट मला खुपली. चौथ्या गटाच्या पानांवर समासात तारखा टाकून लिहिलंयस, ‘ताईला सांगितलं.’ सप्टेंबरमध्ये एकदा. नोव्हेंबरमध्ये एकदा, पुढे दोन शब्द, ‘नंतर बघू.’ जानेवारीत एकदा, पुढे फक्त एक रेघ. मुलांच्या चुकांच्या वहीत सख्ख्या बहिणीची नोंद ठेवतेस? साक्षीपुरावा गोळा करत होतीस का इतके महिने, माझ्यासोबत एकाच डब्यातलं खात?

आणि सांगितलंस म्हणजे काय सांगितलंस? “ताई, ही मुलं वाचत नाहीत गं, आठवतात.” हे काय सांगणं झालं? लहान मुलं आधी आठवतातच. ऐकून, सुरात सूर मिसळून, मग हळूहळू शब्द दिसायला लागतात. हे मीच तुला शिकवलं. जानेवारीत पाहुण्यांची तारीख ठरली होती. त्या दिवसांत मी कुणाचंच नीट ऐकत नव्हते. तू ते ओळखायला हवं होतंस.

टिटवी सकाळी सगळ्यांबरोबर उभी राहते. ओठ हलवते, आवाज काढत नाही. आता तिच्याशिवाय चौतीस जणांचा आवाज बारा जणांचा वाटतो. कोण कोण नुसतं तिच्या मागून म्हणत होतं, ते मला आत्ता ऐकू येतंय.

आईचे डोळे तपासून आणले. नंबर वाढलाय. तुला सांगायला सांगितलंय तिने.

ताई


२६ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट आलं. दारातच उभ्या उभ्या फोडलं. मला वाटलं, चार ओळी तरी असतील.

माझंच पत्र परत पाठवलंस. २ मार्चचं. त्यावर पेन्सिलीने, मूल वाचत असताना आपण वहीत करतो तशा खुणा. बरोबर शब्दावर बरोबरची खूण. सोडून दिलेल्या जागी गोल. बारा दिवस, बरोबर. आईचा फोन, बरोबर. गाढवाचे कान, बरोबर आणि बाजूला एक छोटी रेघ, तिथे तू हसलीस ते मला कळलं. टिटवीची ओळ न् ओळ बरोबर. ‘मला खाली पाडण्यासाठी’वर काहीच नाही. ना खूण, ना गोल. तिथे तू बराच वेळ थांबली असशील.

आणि ‘मग ते तुझ्या खोलीत आले’ आणि ‘तू कपाटातून काय काढलंस’ यांच्या मधोमध एक मोठा गोल. पेन्सिल दाबून. कागद फाटायला आलाय.

खाली, मुलांच्या वहीत लिहितेस तसं: ‘हे पुस्तक हिला अजून कठीण आहे.’

मी दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी चौथा गट घेत होते. एक मुलगा वाचता वाचता एक ओळ गाळून पुढे गेला, आणि मी सवयीने म्हटलं, “मागे जा रे, मधलं राहिलं.” त्याने निमूट मागे जाऊन ती वाचली. तो अडखळला, पण त्याने वाचली.

तर मधलं असं आहे.

पाहुणे तुझ्या खोलीत आले. त्यांच्यातल्या निळ्या साडीतल्या बाई तुला म्हणाल्या, “यांचं पाठ नसलेलं काही द्या ना.” मी दारात होते. सगळ्या पाहुण्यांची माझ्याकडे पाठ होती. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली, नको म्हणून. आणि डोळ्यांनी मांजराच्या छोट्या प्रती दाखवल्या. तुला कळलं. लहानपणापासून माझा डोळा तुला कळतो. तू एक क्षण थांबलीस आणि मग कपाटाकडे वळलीस.

आता सरांकडे दिलेल्या कागदाबद्दल. जे पाहिलं ते लिहिलं असं मी तुला कळवलं होतं. मी लिहिलं, ‘माझ्या सहकारी शिक्षिकेने कोणी न सांगता, स्वतःच्या मनाने, वर्गाला अपरिचित पुस्तक दिले.’ सरांनी वाचून विचारलं, “कोणी न सांगता? नक्की?” मी म्हटलं, “मी तिथेच होते.” ते खरंही होतं. मी तिथेच होते.

लिहून झाल्यावर मी टेबलाशी बसून चहा प्यायले. साखर कमी वाटली म्हणून चमचाभर वरून घेतली. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण मधलं गाळायचं नाही असं आता ठरलंय.

एवढं कबूल करून एक विचारते आणि याचं उत्तर तुझ्याकडेही नसेल. तुला खोटं बोलवत नव्हतं, मान्य. पण त्या बाईंना एक वाक्य सांगता आलं असतं ना, की हा गट अजून नवीन पुस्तकाला तयार नाही. सगळे ऐकून घेऊन पुढच्या खोलीत गेले असते. माझी फजिती झाली असती, माझ्या एकटीची. तू ते वाक्य स्वतः बोलली नाहीस. टिटवीकडून वदवून घेतलंस. तुझ्या वहीत सप्टेंबरपासून लिहिलंय, ‘ही चित्र वाचते.’ चित्रात मांजर आहे हेही तुला माहीत होतं. आपण दोघींनी मिळून त्या पोरीला पाडलं. मी वर्षभर, तू एका दुपारी.

ताई


१४ एप्रिल

धाकटे,

तुझ्या वहीप्रमाणे सुरुवात केली. ‘चित्र आधी दाखवू नये.’ मी चित्रं झाकली आणि टिटवीला एकटीला टेबलाशी घेतलं. ती बसून राहिली. मी माझ्या पद्धतीने म्हटलं, माझ्यामागून म्हण. ओठ हलले. आवाज नाही. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी पुस्तकच बाजूला ठेवलं आणि विचारलं, “आज व्हॅनमधून येताना काय झालं गं?”

बऱ्याच वेळाने, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, ती म्हणाली, “बाबांनी हॉर्न वाजवला. कुत्रं उठलंच नाही.”

ते मी मोठ्या अक्षरांत कागदाच्या पट्टीवर लिहिलं. तिचंच वाक्य. मग शब्द कापून वेगळे केले आणि तिच्यासमोर टाकले. तिने ते लावले. ‘कुत्रं बाबांनी उठलंच हॉर्न.’ वाचून बघ म्हटलं तर तिला हसू आलं. पुन्हा लावलं. आम्ही रोज एक वाक्य करतो. कुत्र्याचं सगळं चरित्र आता आमच्याकडे आहे. आधी एक मुलगी येऊन बसायला लागली, मग दोन, आता चौथा गट पूर्ण येतो आणि प्रत्येकाला स्वतःचं वाक्य हवं असतं.

घ आणि ध तिचे अजून एकच आहेत. सोमवारी ‘बाबा घरी आले’ हे ‘बाबा धरी आले’ असं वाचलं. मी गप्प राहिले. तुला माहीत आहे मला गप्प राहणं किती जड जातं. ती पुढे गेली, थांबली, मागे आली. म्हणाली, “धरी असं काही नसतं ना, बाई?” आणि स्वतःच, “घरी!”

धाकटे, मी उठून तुला हाक मारायला दारापर्यंत गेले होते. तुझ्याच खोलीत बसून तुला हाक मारायला कुठे जाणार होते कोण जाणे.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, माझा कागद बदलायचाय.

“फाइल बंद झालीय, बाई. आता कशाला उकरून काढताय?”

“त्यात मी खोटं लिहिलंय.”

“सख्ख्या बहिणीविरुद्ध?”

“हो.”

त्यांनी फाइल काढून माझा जुना कागद पुन्हा वाचला. म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती. पण तुम्ही इतक्या शांत होतात.” मी नवीन कागद दिला. तुझ्या वह्यांची ती तीन पानंही जोडली, तारखांसकट. फायदा काहीच नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं केंद्र दुसऱ्या शाळेला गेलंच होतं. तुझ्या जागेवर जूनपासून दुसऱ्या बाई येतायत, तो आदेश मागे येणार नाही. आणि मला पुढच्या वर्षी पहिली नाही, सहावी. सहावीत सगळ्यांना वाचता येतं असं सर समजतात.

रात्रीपर्यंत थांबले नाही, घरी जाताच आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, “मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“की दोघींतली एक खोटं बोलतेय. धाकटी खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे. तुझं कधीच काही कळलं नाही.” आणि सोलत राहिली.

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल.

ताई


३ मे

धाकटे,

हे शेवटचं. यात तुझ्यासाठी कामाचं आहे, म्हणून लिहितेय. निदान हे पूर्ण वाच.

वर्षाअखेरच्या कागदावर मी टिटवीच्या नावापुढे ‘वाचन: सुरुवात झाली आहे’ असं लिहिलं आणि तिच्या वडिलांना बोलावलं. ते व्हॅन फाटकाशी लावून पिठाचे हात पुसत आले. त्यांना वाटलं, नेहमीसारखं कौतुक ऐकायचंय. टिटवी माझ्या टेबलाशी उभी होती. मी सगळं सांगितलं. वर्षभर तिला वाचता येत नव्हतं, तिला सगळं पाठ होतं. बाजूच्या खोलीतल्या बाईंनी मला हे तीनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. मी आधी कागदावर दिलेले शेरे खरे नव्हते.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “बाई, मला वाचता येत नाही. तुम्हाला माहीत आहे का हे?”

मला माहीत नव्हतं. आठ महिने तो माणूस माझ्यासमोर सह्या करत होता.

“दुकानं मी रंगावरून ओळखतो. तुम्ही निरक्षर म्हणा, अडाणी म्हणा, मला त्याचं काही नाही. पण तुम्ही कागदावर ‘उत्तम’ लिहिलंत. मी तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला. दोनदा वाचायला लावला त्याला. मग बेकरीत नेऊन सगळ्यांना दाखवला. घरी ही पुस्तक धरून घडाघडा म्हणायची आणि मी तिच्या आईला सांगायचो, बघ, आपल्या घरात एक जण वाचतंय.” त्यांनी हात पुन्हा पँटला पुसले. “मला तपासून बघता येत नाही, बाई. म्हणून तर तुमच्यावर सोडलं होतं.”

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

इतके दिवस, धाकटे, मी समजत होते की मी त्या दारात उभी असताना मोडला तो फक्त माझाच विश्वास. तुझ्यावर चिडताना मला एक प्रकारचं बरंही वाटायचं. त्या माणसासमोर मला बसायला जागा सापडेना.

मी म्हटलं, सुट्टीत मी तिला घरी शिकवीन, रोज. ते म्हणाले, “नको.” साधं, सरळ. मग म्हणाले, “त्या दुसऱ्या बाई कुठे असतात? ज्यांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं त्या.”

मी सांगितलं, पुलापलीकडे. ते म्हणाले, दर शनिवारी माल घेऊन तिकडेच जातो, पत्ता द्या. तुझ्या पाकिटामागे होता तो, घरचा, मी तुला न विचारता दिला. दुसरं काय करणार होते? चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी उलटीसुलटी केली, आणि मला कळलं की मी काय करून बसले. मी वाचून दाखवायला हात पुढे केला. त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही. टिटवीकडे दिली.

ती चिठ्ठी तिने कधी पाहिली नव्हती. चित्र नव्हतं, सूर नव्हता, पुढे म्हणणारं कुणी नव्हतं. तिने कागद टेबलावर ठेवला, बोट लावलं. “जुन्या... पो... पोस...” अडली. मी हात मागे बांधून उभी होते. “पोस्टा... च्या मागे.” मग श्वास घेतला. “पिवळी इमारत. व... वरचा मजला.” तिचे बाबा तिच्या बोटाकडे बघत होते. शब्दांकडे नाही, नुसत्या बोटाकडे. चिठ्ठी वाचून संपेपर्यंत ते हलले नाहीत.

मग त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि तिला म्हणाले, “शनिवारी निघू.” माझ्याकडे न बघताच गेले.

तर शनिवारी साडेनऊच्या सुमारास ते येतील. तिच्या वाक्यांच्या कापलेल्या पट्ट्यांची पिशवी सोबत देतील. जोडाक्षरावर ती अडते, पण सोडत नाही, तेव्हा घाई करू नकोस. ती आवाजाने वाचते, वाचू दे, शेजाऱ्यांना त्रास झाला तरी. घ-धचं अजून आहेच. नवीन पुस्तक देताना आधी तिला स्वतः चाळू दे, आणि पाहुणे कुणी असतील तर दार लावून घे.

मी येणार नाही. मला कुणी बोलावलेलं नाही.

ताई